हमीदचाचांचे दोन फ्लॅश

फेब्रुवारी उतरणीला लागला की माझ्या तोंडी दिवसभर एकच वाक्य असतं. ‘केस मागं घे बाळा, कान दिसले पाहिजेत.’

हर्सूलच्या रस्त्याला, जेलची भिंत संपली की जरा आत माझा स्टुडिओ आहे. एका खोलीचा. या दिवसांत दारातल्या कडुनिंबाची पानगळ चालू असते. पायरी झाडून मी आत वळते तोवर पुन्हा पिवळ्या पानांचा थर बसलेला असतो, आणि त्या पानांवर चपला काढून पोरं-पोरी उभ्या असतात. कुणाला प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचाय, कुणाला पोलीस भरतीचा, कुणाला नर्सिंगचा. मागं पांढरी भिंत हवी, चष्म्यावर चमक नको, गालावर सावली नको. फॉर्म घेणाऱ्या त्या कुठल्या तरी लांबच्या कॉम्प्युटरला माणसाचं हसूसुद्धा चालत नाही. खोबरेल तेल, पावडर आणि झेरॉक्समधून निघालेले गरम कागद यांचा मिळून एक वास खोलीत भरून राहतो. परीक्षेचा वास म्हणतात तो मला वाटतं हाच.

मला मात्र या दिवसांत दुसराच एक वास आठवतो. पुष्कळ दिवस बंद असलेला दिवा लावला की त्याच्यावरची धूळ जळते, त्याचा. तो पहिल्यांदा नाकात गेला ते साल माझ्या आयुष्यातलं जरा अवघड साल होतं.

त्याआधी बारा वर्षं मी उस्मानपुऱ्याकडच्या एका कलर लॅबमध्ये करेक्शनला होते. फोटोग्राफर मंडळी लग्नाचे फोटो आणून द्यायचे आणि पाकिटावर लिहायचे, ‘नवरी उजळ करणे.’ कॉम्प्युटरवर बसून मी नवऱ्या उजळ करायचे. मुरूम पुसायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायचे, आणि मग तो रंग. माझा हात फार चालायचा. एकाच घरातल्या तीन सावळ्या बहिणी मी एका दुपारी गोऱ्यापान केल्या होत्या, आणि मालकांनी सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली होती.

लॅब बंद पडली. सगळ्यांच्या खिशात फोन आले, कागदावर फोटो कोण काढणार? आमचे हे वाळूजला कंपनीत. ते म्हणाले, ‘घरी बसून जीव खाशील आमचा, त्यापेक्षा स्वतःचं काढ काही तरी.’ म्हणून हा स्टुडिओ. एक कॅमेरा होता, कॉम्प्युटर होता, भिंतीला चार ट्यूबलाइट लावल्या. वाटलं, झालं. पण ट्यूबच्या उजेडात चेहरे हिरवट यायचे, कानामागं काळी सावली पडायची. ती मी कॉम्प्युटरवर पुसायचे. मग पोरं दुसऱ्या दिवशी परत यायची. ‘मॅडम, फोटो रिजेक्ट झाला.’ कुणी भांडायचं नाही. नुसती दारात उभी राहायची, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. पंधरा दिवसांत रांग अर्धी झाली.

फोटोचा कागद पुरवणाऱ्या माणसानं एक दिवस सांगितलं, ‘ताई, तुम्हाला फ्लॅश लाइट पाहिजेत. नवे परवडायचे नाहीत. सिटी चौकामागं हमीदचाचांचा स्टुडिओ आहे, ते बंद करतायत. जाऊन बघा. पण सांभाळून बोला, म्हातारा गिऱ्हाइकाचीच परीक्षा घेतो.’

अरुंद जिना चढून मी वर गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ खुर्चीत बसले होते. मी दारात उभी, तर ते माझ्या जरा बाजूला बघत होते. आतून त्यांच्या पत्नी आल्या, बिल्किसचाची. त्यांनीच सांगितलं, ‘काचबिंदू है उनको. नळीतून बघितल्यावानी दिसतं. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं.’

‘आधी काय करत होती?’ चाचांनी विचारलं.

‘लॅबला होते. करेक्शन करायची.’

‘म्हणजे लोकांना गोरं करायची.’

‘हो.’

चाचा हसले. ‘आम्ही इथं एकेका चेहऱ्यावर लाइट बसवायला घाम गाळायचा, आणि तू तिकडं बसून ते पुसायची. बैठो बेटा, बैठो. बहुत पुरानी पहचान निकली अपनी.’

कोपऱ्यात दोन फ्लॅश होते. चाचींनी जुन्या दुलईच्या कापडाचे अभ्रे शिवून त्यांना घातले होते. अभ्रे काढले तर आत राखाडी रंगाचे, तेलाच्या पाच किलोच्या डब्याएवढे दोन दिवे. एकाला चाचा मोठा म्हणायचे, दुसऱ्याला धाकटा. धाकट्याच्या पाठीत एक छोटा काचेचा डोळा होता. मोठा चमकला की त्याला बघून धाकटा त्याच क्षणी चमकायचा, मधे वायर लागत नसे. एका व्यापाऱ्यानं दोन्ही मागितले होते, पण तो खोलून सुटे भाग विकणार म्हणून चाचांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं होतं.

‘लावून दाखवता का?’ मी विचारलं.

‘आत्ता नाय. वर्ष झालं बंद आहेत. ह्यांच्या पोटात कपॅसिटर असतात, वीज साठवणारे. एकदम भरली तर फुटतील. म्हाताऱ्या माणसाला झोपेतून उठवून पळायला लावतं का कुणी?’

त्यांनी दोन्ही दिवे सगळ्यात कमी पावरवर लावले आणि नुसते चालू ठेवले. मधला साधा दिवा पेटला, धूळ जळायला लागली आणि तो वास आला. चाची म्हणाल्या, ‘अल्ला, किती दिवसांनी.’ आम्ही चहा प्यायलो. तासानं चाचांनी पावर एक घर वाढवली. पुन्हा चहा. वस्तू विकत घ्यायला गेलेली मी, पण सकाळी अकराला गेले ती दुपारी चारला उठले. मधे चाचींनी खिचडी वाढली. शेवटी पूर्ण पावरवर चाचांनी बटण दाबलं आणि खोली पांढरीशुभ्र झाली. भिंतीवरच्या पोपड्यांपासून चाचींच्या नाकातल्या चमकीपर्यंत सगळं एकदम दिसलं आणि गेलं.

किमतीचं बोलणं दोन वाक्यांत झालं. अटींचं बोलणं लांबलं. आठ दिवसांतून एकदा दिवे लावायचे, गिऱ्हाईक असो नसो. दिव्यातल्या काचेच्या नळीला उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल काचेवर जळून डाग पडतो, कापडानंच धरायची. उजेड मऊ करायला दिव्याला लावायची ती पांढरी छत्री ओली मिटायची नाही. ‘आणि ह्यांची वायर तुझ्या डिजिटल कॅमेऱ्याला थेट लावू नको. ह्यांचा झटका जुन्या जमान्याचा आहे, नव्या कॅमेऱ्याला सोसायचा नाय. बिनवायरचा ट्रिगर घे.’ हे शेवटचं त्यांनी सांगितलं नसतं तर माझा कॅमेरा पहिल्याच दिवशी गेला असता.

त्या हंगामात दर शुक्रवारी, चाचा नमाज पढून आले की, मी कॅमेरा घेऊन त्यांच्याकडं जायचे. नवा फोटोग्राफर माणसांवर शिकतो हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी मला अंड्यावर शिकवलं. स्टुलावर अंडं ठेवायचं आणि एका दिव्यानं त्याचा असा फोटो काढायचा की ते गोल दिसलं पाहिजे. माझं अंडं पहिले दोन शुक्रवार खडूच्या ठिपक्यासारखं सपाट आलं. चाचा स्क्रीन डोळ्यांच्या अगदी जवळ धरायचे, नळीतून जेवढं दिसेल तेवढं बघायचे आणि म्हणायचे, ‘हे अंडं नाय, भोक आहे कागदाला.’

अंडं जमलं, मग वांगं आलं. जांभळं, काळसर, भरताचं वांगं. मी सवयीनं पावर वाढवली. काळी वस्तू, तर उजेड जास्त. फोटोत वांगं राखाडी, मेल्यासारखं दिसलं.

‘मारून टाकलंस त्याला,’ चाचा म्हणाले. ‘पांढरी चीज दिसती सावलीमुळं. काळी चीज दिसती चमकीमुळं. पावर नको वाढवू. लाइट जवळ आण, मोठा कर, छत्रीतून दे. मग बघ चमक कुठं बसती.’

मी दिवा जवळ ओढला. वांग्याच्या कडेनं एक लांब, मऊ रेघ उमटली आणि ते एकदम ताजं, हातात घ्यावंसं दिसलं. लॅबमधली ती बारा वर्षं मला त्या वेळी आठवली. मी कधी कुणाला उजेड दिलाच नव्हता. नुसता रंग काढून घेतला होता.

‘झालं का शूटिंग?’ चाचींनी आतून विचारलं. ‘मला चुलीवर ठेवायचंय ते.’ शुक्रवारी ज्याचा फोटो निघायचा त्याचीच त्यांच्याकडं भाजी व्हायची.

चाचा माझ्यावर एकदाच चिडले. मोठ्याच्या आतल्या पंख्यात धूळ बसली होती, घरघर आवाज यायचा. मी तो बंद केला, प्लग काढला, स्क्रू काढून झाकण उघडलं आणि आतला पंखा कुठल्या बाजूनं निघतो हे विचारायला त्यांना फोन लावला. फोन कानाशी, दुसऱ्या हातात ब्रश.

‘खोलून बसली का तू?’

‘हो. प्लग काढलाय ना.’

‘हात काढ!’ ते इतके मोठ्यानं ओरडले की ब्रश माझ्या हातातून पडला. ‘दोन्ही हात मांडीवर ठेव. ठेवले? आता उठ आणि लांब जा. त्याला शिवू नको. मी येतो.’

धड दिसत नसलेला माणूस सिटी चौकातून हर्सूलपर्यंत एकटा रिक्षानं आला. खिशात एक साधा बल्ब, त्याला दोन वायरी जोडलेल्या, टोकांना चिमटे. मला म्हणाले, तू बोलून दाखव कुठं काय आहे, आणि माझ्या शब्दांवर हात नेत त्यांनी ते चिमटे कपॅसिटरला लावले. बल्ब भक्कन पेटला आणि विझला. प्लग काढून तास होऊन गेला होता.

‘बघितलं?’ चाचा खाली फरशीवरच बसले. ‘ही वीज तुझ्या हातातून गेली असती. माझा एक दोस्त असाच गेला, बेटा. जवान होता. दिवा बंद होता म्हणाले सगळे.’ मग थोड्या वेळानं, ‘बंद दिसणारी चीज रिकामी नसती.’

मी त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी मला पंखा काढायला लावला, ब्रशनं साफ करायला लावला, आणि सगळे स्क्रू परत बसेपर्यंत हलले नाहीत. तो बल्ब माझ्याकडंच ठेवून गेले. आता मी कुठलाही फ्लॅश त्याच्याशिवाय उघडत नाही. पायरीवर बसून पानं झाडताना आजही कधी ती हाक कानात वाजते आणि हात आपोआप मांडीवर येतात.

आणि मग कोमल आली. पाचोडची. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता, दुपारची एसटी धरून मायलेकी आल्या होत्या. आई अंगणवाडीत मदतनीस. कोमल काळीभोर, उंच, केस घट्ट बांधलेले. खुर्चीत बसायच्या आधीच तिनं सांगितलं, ‘मॅडम, मला गोरी नका करू.’

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, ‘मागल्या साली लई हाल झाले बघा. फोटुवाल्यानं हिला अशी गोरी केली की परीक्षेच्या गेटावर आतच सोडंनात. म्हणले, ही ती पोरगी नाय. सही बघितली, आधार बघितलं, साहेबाला बोलावलं. पोरगी भिंतीला लागून उभी. आत सोडली तवा पेपर सुरू होऊन गेलता. आख्खं वर्ष गेलं की वो.’

तो फोटो माझ्या हातचा नव्हता. पण तसे किती तरी माझ्या हातचे होते, आणि त्यांच्यामागं कोण कुठल्या गेटावर उभं राहिलं हे मला कधी कळलं नव्हतं. मी कोमलला बसवलं. धाकटा भिंतीसाठी, मोठा चेहऱ्यासाठी. पहिला फोटो घ्यायला गेले आणि धाकट्यातून फट् असा आवाज आला, जळका वास आला, आणि तो गेला. मी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. काही नाही. धाकट्याशिवाय भिंत पांढरी येईना, राखाडी यायची. बाहेर पाच-सहा पोरं उभी होती. कोमलची आई माझ्याकडं बघत होती.

चाचांना फोन लावला.

‘धाकटा गेला,’ मी म्हटलं.

‘पोरगी कशी आहे?’ चाचांनी विचारलं.

‘काळी आहे. आणि गोरी करू नका म्हणते.’

‘शाबास.’ चाचांचा आवाज एकदम धंद्याचा झाला. ‘भिंत आहे ना? पोरगी आहे ना? मोठा आहे ना? मग रडती कायकू? पोरीला भिंतीच्या जवळ घे. मोठा जवळ आण, डोक्याच्या वर, छत्री लावून. म्हणजे एकच लाइट तिच्यावर पण पडंल आणि भिंतीवर पण. सावली खाली खांद्यामागं जाईल. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धर, उजेड परत फिरंल.’

चादर धरायला माणूस नव्हता. कोमलची आई पुढं झाली. गादीवरची माझी पांढरी चादर तिनं दोन्ही हातांनी डोक्याइतकी उंच धरली आणि तशीच उभी राहिली. तिला फोटोत यायचं नव्हतं, पण लेकीच्या एका गालावर जो उजेड होता तो तिच्या हातातून येत होता. मी तीन फोटो काढले. दुसरा बरोबर होता. कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर चमक बसली होती. काळी मुलगी, काळी आणि लख्ख.

मी स्क्रीन तिच्याकडं फिरवली. कॉम्प्युटरवर काहीही केलं नाही, नुसता कापला. कोमल बराच वेळ बघत राहिली. ‘ही मीच हाय,’ ती म्हणाली.

‘व्हय, तूच हाय,’ आई म्हणाली. ‘बापाचं नाक घेऊन बसलीय ना.’

फॉर्म तिथंच माझ्या कॉम्प्युटरवर भरला. फोटो पहिल्या खेपेला गेला. हिरवी खूण आली तेव्हा बाहेरच्या पोरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. पुढं कोमलला नर्सिंगला प्रवेश मिळाला, आणि नंतर ती ओळखपत्राच्या फोटोसाठी आली ती चार मैत्रिणींना घेऊन. सगळ्यांना तिनंच दारात बजावलं, ‘इथं जशा हाय तशा दिसताल. बघा बाई.’

धाकटा पुन्हा चालला नाही. त्याच्या मापाची नळी आता कुठं मिळत नाही. मोठा मात्र चालू आहे. मधल्या वर्षांत मी एलईडीचे दोन दिवे घेतले, हलके, गुणी, न तापणारे. पावसाळ्यात दमट हवेला मी तेच वापरते. तरी फेब्रुवारी आला की मोठा बाहेर काढते, कमी पावरवर लावून ठेवते आणि चहा करते. पोरं विचारतात, ‘मॅडम, हे कशाला एवढं जुनं?’ मी त्यांना काय सांगू? जुन्या वस्तूची निगा राखताना आपल्याला ती देणाऱ्या माणसाच्या हातांच्या सवयी लागतात. कापडानं नळी धरताना माझं मनगट चाचांसारखं वळतं. हे मला आमच्या ह्यांनी दाखवून दिलं, मला स्वतःला कळलंही नव्हतं.

मागच्या आठवड्यात मोठा अडखळायला लागला. नळी काळवंडली होती. बदली नळी मी खूप आधी शोधून ठेवलेली, बसवताही आली असती. पण मी दिवा, स्टँड, छत्री आणि तो बल्ब रिक्षात घातला आणि सिटी चौक गाठला. चाचांची दृष्टी गेल्या पावसाळ्यापासून पूर्ण गेली आहे. नळीतून दिसायचं तेवढंसुद्धा राहिलं नाही. ते बोलतात कमी. चाची म्हणाल्या, ‘दिवसभर बसून असतात. रेडिओ पण नक्को म्हणतात.’

मी दिवा त्यांच्या मांडीजवळ ठेवला. त्यांनी चाचपून ओळखला. मी झाकण उघडलं, बल्ब लावून वीज काढली, आणि नवी नळी त्यांनी कापडात धरून स्वतः बसवली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदाही. मी हात पुढं केला नाही. तिसऱ्यांदा टक् असा आवाज आला. झाकण लावून आम्ही दिवा कमी पावरवर ठेवला. चाचींनी चहा आणला. दुपार कलली तशी आम्ही एकेक घर वाढवत गेलो, आणि मग मी दिवा स्टँडवर चढवून त्यांच्या समोर, जरा डाव्या हाताला उभा केला. नक्की कशासाठी, ते मलाही सांगता येत नव्हतं.

‘चाचा, पूर्ण पावर आहे. मारू?’

‘मार.’

खोली पांढरी झाली. चाचा हलले नाहीत. चाची ओढणीनं डोळे पुसत होत्या.

‘और एक बार,’ चाचा म्हणाले.

मी पुन्हा बटण दाबलं. या वेळी त्यांनी हात वर केला, थांब म्हणतात तसा.

‘दिसला,’ ते म्हणाले.

चाचींच्या हातातली बशी वाजली. ‘क्या दिसला?’

‘लाइट. डावीकडनं आला.’ ते माझ्या दिशेनं वळले आणि त्यांच्या आवाजात शुक्रवारची ती जुनी धार आली. ‘आणि खाली ठेवलाय तू. इतकं शिकवलं तुला. चेहऱ्याच्या वर पाहिजे तो. उचल.’

मी स्टँडचा स्क्रू सैल केला आणि दिवा वर घेतला.